पाळणाघरावर लक्ष कोणाचं? दीडशे वर्षांचा जुना प्रश्न आणि आपलं गाव

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात सहा वर्षांखालचं मूल आहे, त्यांनी तरी वेळ काढून शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

गेले दोन आठवडे माझ्या इनबॉक्समध्ये एकच विषय चालू आहे. आपल्या गावातल्या एका पाळणाघराबद्दल चार पालकांनी वेगवेगळं कळवलं. एकाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या दंडावर चिमट्यासारखे वळ होते. दुसऱ्या एका ताईंचा मुलगा घरी आला की चार-चार तास गाढ झोपतो आणि रात्री टक्क जागा असतो. तिसऱ्या ताई एकदा अचानक लवकर न्यायला गेल्या, तर चोवीस मुलांपाशी एकच मावशी होती आणि दोन पोरं बाहेरच्या जिन्यावर खेळत होती. चौथ्या घरातलं साडेतीन वर्षांचं मूल म्हणतंय की रडलं की बाथरूममध्ये ठेवतात.

पाळणाघराचं नाव मी लिहिणार नाही. कमेंटमध्येही कुणी लिहू नका, मी डिलीट करणार. का, ते पुढे येईलच.

मी पहिल्यांदा सरकारी दारं ठोठावली. नगरपरिषदेत विचारलं, गावात पाळणाघरं किती? उत्तर मिळालं, "आमच्याकडे मालमत्ता निवासी की व्यापारी एवढीच नोंद, आत काय चालतं ते आम्ही बघत नाही." गटशिक्षण कार्यालयात सांगितलं, "आमचं काम पहिलीपासून पुढं." बालविकास प्रकल्प कार्यालयात म्हणाले, "आमच्या अंगणवाड्या विचारा, खासगी आमच्याकडे येत नाही." पोलीस ठाण्यात साहेब सरळ बोलले, "गुन्हा घडला असेल तर तक्रार द्या, लगेच घेतो. पण मुलांपाशी माणसं किती हे तपासायचं काम आमचं नाही."

चौघांनी टोलवाटोलवी केली असं मला सुरुवातीला वाटलं. मग कायदे काढून वाचले, तर चौघेही आपापल्या जागी खरंच बोलत होते. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वयाचा आहे. त्याखालच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकतं एवढंच त्यात म्हटलंय. आणि दुकानं-आस्थापनांचा राज्याचा २०१७ चा कायदा, ज्याला आपण अजूनही गुमास्ता किंवा शॉप अ‍ॅक्ट म्हणतो, त्यात मोजकीच माणसं कामाला असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तीन मावश्या ठेवणारं पाळणाघर आणि तीन पोरं ठेवणारं मोबाईलचं दुकान, कायद्याच्या नजरेत दोन्ही सारखीच.

हे असं का झालं, हे शोधताना मी बराच मागे गेलो. थेट इंग्लंडपर्यंत.

पाळणाघर ही गोष्ट कारखान्यांबरोबर आली. आई कामावर गेली की तान्ह्याचं काय, हा प्रश्न शेतावर एवढा टोचत नव्हता. बांधावर झोळी बांधता यायची. गिरणीच्या फाटकातून मूल आत नेता येईना, तेव्हा प्रश्न उभा राहिला. १८४४ मध्ये पॅरिसमध्ये फिर्मँ मार्बो नावाच्या माणसाने गरीब कामकरी बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर काढलं. आधुनिक पाळणाघराची सुरुवात सहसा तिथून मोजतात. लक्षात घ्या, डॉक्टरांनी येऊन मुलं बघायची आणि बाहेरच्या लोकांनी येऊन व्यवस्था बघायची, ही कल्पना त्या पहिल्या प्रयोगातच होती.

इंग्लंडमध्ये मात्र वेगळं घडलं. तिथं पैसे घेऊन दुसऱ्यांची बाळं सांभाळणाऱ्या बायकांचा धंदा वाढला. वर्तमानपत्रात जाहिराती यायच्या. बऱ्याच बायका नीट सांभाळायच्या, पण काही ठिकाणी बाळं उपाशी ठेवून, अफूमिश्रित औषधं पाजून गप्प केली जायची आणि मरायची. १८६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलचे संपादक अर्नेस्ट हार्ट यांनी या जाहिरातींच्या मागावर जाऊन ते प्रकरण छापलं. १८७० मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या मार्गारेट वॉटर्स या बाईला एका बाळाच्या खुनासाठी फाशी झाली. देश हादरला आणि १८७२ मध्ये कायदा आला: एक वर्षाखालची एकाहून जास्त बाळं पैसे घेऊन सांभाळायची तर नोंदणी करा.

पण त्या कायद्यात एक अट होती. बाळ चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवलं तरच नोंदणी. म्हणजे सकाळी सोडून संध्याकाळी नेणारी आई आणि तिचं मूल कायद्याच्या बाहेर. काही स्त्री-हक्कवाल्या मंडळींनी त्या कायद्याला विरोध केला होता. त्यांचं म्हणणं होतं की शेजारणीचं मूल चार पैशांत सांभाळणाऱ्या गरीब बाईच्या मागे सरकारचा ससेमिरा लागेल. त्यांची भीती अगदी खोटी नव्हती. पण दिवसाच्या सांभाळाला नोंदणी लावणारा कायदा तिथं यायला १९४८ उजाडलं. मधली ७६ वर्षं दिवसाचं पाळणाघर हा ज्याचा त्याचा खासगी मामला होता. आपण आजही तिथंच आहोत.

आता आपल्याकडे या. मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२० च्या दशकात साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत तर बायकाच. दिवसाचे दहा तास काम, वर जाण्यायेण्याचा वेळ. मूल चाळीत एखाद्या म्हातारीकडे नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे. त्या काळात मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या स्थितीची पाहणी करायला डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंना नेमलं होतं. कामावर जाणाऱ्या जवळपास सगळ्याच आया बाळाला अफू देतात, असं त्यांनी नोंदवलं. तिला बाळगोळी म्हणायचे. ती उघड विकली जायची. गोळी दिली की मूल दिवसभर पडून राहायचं.

त्या आया वाईट नव्हत्या. सांभाळायला माणूस नव्हतं, म्हणून गोळी होती. ज्या ताईंनी मला लिहिलं की "दादा, तो घरी येऊन इतका का झोपतो," त्यांचा मेसेज वाचताना मला शंभर वर्षांपूर्वीची ही बाळगोळी आठवली. त्या मुलाला काही औषध दिलं गेलं असं मी म्हणत नाही. दमलं असेल, दुपारची झोप झाली नसेल, आजारी असेल. पण ही शंका त्यांनी बोलून दाखवायची कुणाकडे?

१९२९ मध्ये मुंबई प्रांताने बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा केला. त्याच वर्षी नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात कामगारांच्या हालांची नोंद केली, त्यात अफूचा प्रश्न होता आणि पाळणाघरांची शिफारसही होती. १९३४ च्या कारखाना कायद्यात पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या कलम ४८ ने ते बंधनकारक केलं. १९७६ मध्ये पन्नासाचा आकडा तीसवर आला. खोली हवेशीर हवी, उजेडाची हवी, स्वच्छ हवी आणि मुलं सांभाळण्याचं शिक्षण घेतलेल्या बाईच्या ताब्यात हवी, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे.

कागद उत्तम होता. प्रत्यक्षात काय झालं? १९४४ ते ४६ मध्ये द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांच्या स्थितीची देशभर पाहणी झाली. पाळणाघरांबद्दल त्या समितीचं मत चांगलं नव्हतं. बऱ्याच ठिकाणी कारखान्याचा कुठला तरी दुर्लक्षित कोपरा त्यासाठी दिलेला आणि मुलांकडे बघणारं धड कुणी नाही, अशी अवस्था होती. म्हणजे खोली दिसत होती, सांभाळ नव्हता. पुढे कामगार चळवळीत आणखी एक तक्रार कायम राहिली, की आकडा गाठू नये म्हणून मालक बायकाच कमी घेतात.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना दुसरं चित्र आठवत असेल. १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायच्या आणि पाझर तलावाच्या कामावर बाभळीला बांधलेल्या झोळ्या आणि त्या हलवत बसलेली एखादी आजी. पुढे रोजगार हमीच्या कायद्यात कामावरच्या मुलांची सोय करण्याची तरतूद आली. नंतर केंद्राच्या २००५ च्या कायद्यातही सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला मजुरी द्यायची असं ठरलं. मी वीस वर्षं ग्रामीण बातमीदारी करतोय. अशी नेमलेली बाई मी हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढ्याच वेळा पाहिली. ऊसतोडीच्या फडावर तर विचारूच नका. कोयत्याच्या जोडीमागे कोपीत राहणारं मूल कुणाच्याच यादीत नसतं.

या सगळ्यात एक धागा वेगळा आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातला आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची कल्पना. त्यातून अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. या दोघींनी बिल्डिंगपेक्षा सांभाळणाऱ्या बाईच्या तयारीवर जास्त जोर दिला. मुलाला आंघोळ कशी घालायची, रडणाऱ्या मुलाजवळ कसं बसायचं, हे शिकवण्याची गोष्ट आहे आणि ते काम मानाचं आहे, हे त्यांनी करून दाखवलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राचं नाव अंगणवाडी ठेवलं. आज आपल्या गल्लीत अंगणवाडीवर कितीही टीका करा, पण तिथं एक साखळी आहे. सेविका, मदतनीस, त्यांच्यावर पर्यवेक्षिका, तिच्यावर प्रकल्प अधिकारी. वजनाचं रजिस्टर आहे, आहाराचं रजिस्टर आहे. गैर काही घडलं तर विचारायला माणूस आहे. कमी आहे ती वेळेची, कारण अंगणवाडी चार-पाच तासांत सुटते आणि आई संध्याकाळी सहाला घरी येते. आणि कमी आहे ती मोबदल्याची. सेविकांना पगार नाही, मानधन मिळतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवायला प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तो निकाल एप्रिल २०२२ मध्ये लागला. २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला राज्यातला संप तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय.

म्हणजे बघा. सरकारी ठिकाणी साखळी आहे पण वेळ पुरत नाही. खासगी ठिकाणी वेळ आहे पण साखळीच नाही. नोकरी करणाऱ्या आईला खासगीशिवाय पर्याय नसतो.

आता अलीकडच्या दोन घटना. नोव्हेंबर २०१६, खारघर. दहा महिन्यांच्या मुलीच्या अंगावर आईवडिलांना जखमा दिसल्या. ते पोलिसांत गेले. पाळणाघरातलं सीसीटीव्ही चित्रण पाहिलं तेव्हा तिला झालेली मारहाण दिसली. सांभाळणारी बाई आणि चालक बाई दोघींना अटक झाली. राज्यभर संताप उसळला आणि पाळणाघरांना कॅमेरे सक्तीचे करा अशी मागणी आली. पण एक गोष्ट त्या गोंगाटात मागे पडली. कॅमेरा तिथं आधीपासून होता. मार बसत होता तेव्हाही चालू होता. बघणारं कुणी नव्हतं. कॅमेऱ्याने पुरावा दिला, मूल वाचवलं नाही.

दुसरी घटना ऑगस्ट २०२४, बदलापूर. शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं प्रकरण. तक्रार नोंदवून घ्यायला पालकांना तासन्‌तास थांबावं लागलं. त्यानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि दिरंगाईबद्दल पोलिसांना सुनावलं. शाळेच्या कॅमेऱ्यांचं चित्रण कुठं गेलं, हा प्रश्नही गाजला. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे पुरुष कर्मचारी का, हा साधा प्रश्न त्या शाळेत घटनेआधी कुणी अधिकाऱ्याने येऊन विचारला असता तर? असा प्रश्न विचारायला साध्या, रोजच्या दिवशी कुणीतरी यावं लागतं.

या दोन घटनांमुळे आपल्याला वाटतं की तक्रार आली की ती खरीच. बहुतेकदा काहीतरी बिघडलेलं असतंच. पण मी पाळणाघराचं नाव का लिहीत नाही, ते आता सांगतो.

१९८३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावात मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीबद्दल एका आईने तक्रार केली. पोलिसांनी संशयिताच्या नावासकट सुमारे दोनशे पालकांना पत्र पाठवलं, की तुमच्या मुलांना विचारा, असं असं झालं का. गावभर घबराट पसरली. मुलांना पुन्हा पुन्हा, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले गेले. सात जणांवर आरोप ठेवले गेले. खटला १९९० पर्यंत चालला, अमेरिकेतला त्या वेळचा सगळ्यात लांब आणि खर्चिक फौजदारी खटला ठरला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. एका तरुणाची पाच वर्षं तुरुंगात गेली. मुलांशी नेमकं काय घडलं होतं किंवा नव्हतं, हे कळायचा रस्ताच त्या पत्राने आणि त्या प्रश्नांनी बुजवून टाकला. मुलांना कसं विचारावं याचे नियम पुढे तिकडे बदलले, त्यात या खटल्याचा मोठा वाटा आहे.

आपल्या गावात आज तेच चाललंय. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मावशीचा फोटो फिरतोय, खाली "हीच ती". ती मावशी ज्या आठवड्यात वळ दिसले त्या आठवड्यात रजेवर होती, असं मला तिघांनी सांगितलं. खरं-खोटं तपास ठरवेल. फोटो ताबडतोब काढा. पुढे पाठवला असेल त्यांनी "पाठवू नका" असा मेसेज करा. ती बाई आपल्याच गावातली आहे, तिलाही मुलं आहेत. आणि तुमची तक्रार खरी असेल तर या फोटोमुळे तीच कमजोर होणार आहे.

मी पाळणाघरातही जाऊन आलो. चालवणाऱ्या ताई बोलल्या, दार लावून घेतलं नाही, हे मान्य करायला हवं. चोवीस मुलं, महिना अठराशे रुपये फी, म्हणजे सगळ्यांची वेळेवर आली तर त्रेचाळीस हजार दोनशे. त्यातून जागेचं भाडं, वीज, खाऊ, फिनेल-साबण आणि दोन मावश्यांचे प्रत्येकी सात हजार. त्यातली एक दुपारी स्वयंपाकघरात असते. वळ कसे आले हे त्यांना सांगता आलं नाही. बाथरूमबद्दल म्हणाल्या, "असं होत नाही, पण मी दिवसभर तिथं नसते." हे वाक्य मला सगळ्यात जड गेलं. पुढे म्हणाल्या, "सर, सात हजारांत मावशी टिकत नाही. फी वाढवली की पालक शेजारच्या पाळणाघरात जातात. कुणी येऊन सगळ्यांनाच एक नियम लावला तर मला उलट बरं."

नियम नाहीत असं नाही. २०१७ मध्ये बाळंतपणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. त्या पाळणाघरांसाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये किमान निकष काढले. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी, तीन ते सहा वयात वीस मुलांमागे एक, असं प्रमाण त्यात आहे. ते निकष कंपनीच्या पाळणाघरासाठी. आपल्या गल्लीतल्या बंगल्यात चालणाऱ्या पाळणाघराचा दरवाजा त्या कागदाला माहीत नाही. नव्या कामगार संहितांमध्येही आकडा पन्नासचाच. पन्नास माणसांची आस्थापनं आपल्या गावात आहेत किती? बँका, दवाखाने, दुकानं, शाळा, सगळीकडे पाच-दहा-पंधरा माणसं. त्यातल्या नोकरदार आयांना कायद्याने काहीच दिलेलं नाही.

इतिहास वाचून मला एकच गोष्ट ठामपणे सांगाविशी वाटते. तक्रारीची चौकशी ही तक्रार आल्यावर सुरू होत नाही. मूल किती वाजता आलं, त्या दिवशी कोण कामावर होतं, काय खाल्लं, कधी झोपलं, कुठं पडलं, याची आधी कुठंतरी नोंद असेल तरच चौकशीला पाय ठेवायला जागा मिळते. ती नोंद नसेल आणि रोजचं लक्ष नसेल, तर तक्रारीचे दोनच शेवट होतात. एकतर ती दाबली जाते, नाहीतर तिचा जमाव होतो. दोन्हीत मूल बाजूलाच राहतं.

म्हणून चारही पालकांना मी जे सांगितलं ते इथं सगळ्यांसाठी लिहितो.

१. अंगावर खूण दिसली तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवून कागद घ्या. फोटो तुमच्याकडे ठेवा, ग्रुपवर टाकू नका.

२. मुलाला "मावशीने मारलं का?" असं विचारू नका. "आज काय काय झालं?" असं विचारा आणि ते सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका.

३. चाइल्डलाइन १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली होती. जिल्ह्याला बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, तिथं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

४. मारहाण, कोंडून ठेवणं, जाणूनबुजून हेळसांड हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. मूल सांभाळायची जबाबदारी घेतलेल्या संस्थेतल्या माणसाने तो केला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते.

५. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं सक्तीचं आहे. संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. ठाण्यात बसवून ठेवलं तर हे ठामपणे सांगा.

चारपैकी दोन पालकांनी परवा लेखी तक्रार दिली आहे. एकांनी डॉक्टरांचा कागद जोडलाय. पाठपुरावा मी करतोय, जे अधिकृत कळेल ते इथंच सांगेन. उरलेले दोघे घाबरले आहेत, कारण उद्या मूल ठेवायचं कुठं हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो अगदी खरा आहे. त्या दोन्ही घरांत आईचा पगार गेला तर हप्ता थकतो.

आणि आता गावासाठी. येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायला नगरपरिषदेला मी एक निवेदन देतोय. मागण्या तीनच आहेत. गावातल्या सगळ्या पाळणाघरांची यादी करा: चालक कोण, मुलं किती, सांभाळणाऱ्या किती. ही यादी नगरपरिषदेच्या फलकावर लावा. महिला व बालकल्याण समितीच्या सदस्या, एक डॉक्टर आणि दोन पालक यांनी महिन्यातून एकदा न सांगता प्रत्येक ठिकाणी जाऊन यावं आणि जे दिसलं ते वहीत लिहावं. दंड नको, सील नको, आधी नुसती भेट आणि वही. आणि पाळणाघर चालवणाऱ्या सगळ्या ताईंनी एकत्र बसून दहा मुलांमागे एक मावशी आणि मावशीला किमान किती पगार हे ठरवावं. त्यासाठी फी दोनशे-तीनशेने वाढली तर पालकांनी कुरकूर करू नये. मोबाईलच्या रिचार्जएवढे पैसे आहेत हे.

राज्याचा कायदा येईल तेव्हा येईल. इंग्लंडला ७६ वर्षं लागली, आपल्याला तेवढी थांबायची गरज नाही. निवेदनावर सही करायची असेल तर सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहानंतर माझ्या ऑफिसात या. ज्या घरात लहान मूल नाही त्यांनीही या. पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनी तर नक्कीच या. पहिली सही त्यांची व्हावी अशी माझी इच्छा आहे.